घरात चौघं, पण मराठीत सगळ्यांचं ‘मी’ एकच: जपानी वेब कादंबरीच्या अनुवादातली अडचण

शब्दवेल्हाळ:
एका हलक्याफुलक्या जपानी फँटसी वेब कादंबरीचा मराठी अनुवाद चालू आहे (लेखकाची परवानगी घेतली आहे). तोक्योतल्या भाड्याच्या घरात चौघं राहतात: ऑफिसात जाणारा तरुण, मुलीच्या रूपातली शेकडो वर्षांची ड्रॅगन, शिस्तीची एल्फ सरदारीण आणि झाशिकी-वाराशी, म्हणजे घरात वस्ती करणारं पोरवयाचं भूत. हे भूत मुलगा की मुलगी, ते कथा बराच काळ सांगत नाही.

तरुण स्वतःला ‘ओरे’ म्हणतो, ड्रॅगन ‘वाशी’, एल्फ ‘वाताशी’, भूत ‘बोकु’. जपानीत तेवढ्यावर कोण बोलतंय ते कळतं. मराठीत सगळ्यांचं ‘मी’. कोतात्सुभोवतीच्या (रजई घातलेलं, खालून ऊब देणारं बुटकं टेबल) गप्पांत तर सलग पंधरा संवाद ‘म्हणाला-म्हणाली’शिवाय आहेत. भुताचं ‘आलो’ करू की ‘आले’? ड्रॅगनला एखादी बोली द्यावी का?

अनुस्वार:
आधी भुताचं बघू, कारण तिथे एक क्रियापद चुकलं तरी पुढचं रहस्य फुटतं. ‘बोकु’वरून मुलगा ठरवू नका. कथांमधल्या काही मुलीही ‘बोकु’ म्हणतात.

मराठीत लिंग न दाखवणारी रूपं भरपूर आहेत. ‘मी येईन’, ‘मी येणार आहे’, ‘मी येत नाही’, ‘मला जायचंय’ ही सगळी चालतात. ‘येतोय/येतेय’ टाळून ‘येत आहे’ करा, फक्त ते जरा पुस्तकी वाटतं, म्हणून जपून. सकर्मक भूतकाळ तर आयताच मिळतो: ‘मी दार उघडलं’, ‘मी पुडिंग खाल्लं’. तिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं.

फसगत होते ती पिणे, विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे, जेवणे यांच्यापाशी. ही कर्त्याप्रमाणे चालतात. म्हणून ‘विसरलो’ऐवजी ‘माझ्या लक्षातच राहिलं नाही’, ‘जेवले’ऐवजी ‘माझं जेवण झालं’, ‘म्हणालो’ऐवजी ‘मी म्हटलं’. ‘थकलो’ला ‘अंगात त्राण नाही’ छान बसतं.

कथनात ‘पोर’ हा शब्द धरा: ‘ते कपाटातून डोकावलं.’ इंग्रजी किंवा हिंदी अनुवादकाला ही नपुंसकलिंगाची सोय अशी मिळत नाही, ती सोडू नका.

शब्दवेल्हाळ:
आणि बाकीचे त्या पोराशी बोलतात तेव्हा? ‘आलास’ आणि ‘आलीस’ दोन्ही अडचणीचे.

अनुस्वार:
आज्ञार्थ आणि भविष्यकाळ मोकळे आहेत: ‘ये, बस’, ‘तू येशील ना?’ ‘कुठे होतास?’ऐवजी ‘कुठे होतं हे पोर इतका वेळ?’ सगळ्यात सहज निसटतं ते संबोधन. ‘अरे’ किंवा ‘अगं’ एकदा जरी लिहिलं की संपलं. नुसतं ‘ए’ ठेवा. एल्फ सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणणारी असेल तर तिच्यापुरता प्रश्नच मिटतो, ‘तुम्ही आलात’मध्ये लिंग नाही.

जुनी पोथी:
ड्रॅगनला वऱ्हाडी किंवा मालवणी देऊ नका. ती बोली खऱ्या गावांची आहे. तोक्योतलं घर तिथेच मोडतं आणि बोलीही विनोदापुरती उरते.

‘वाशी’ आणि वाक्याच्या शेवटचं ‘जा’ ही कथांमधल्या म्हाताऱ्यांची ठरलेली भाषा. भाषाशास्त्रज्ञ किन्सुइ सातोशी यांनी अशा भाषेला ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिका-भाषा म्हटलं. त्यांचं त्यावरचं पुस्तक २००३ चं. त्यांच्या मांडणीनुसार एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, तरुण पूर्वेकडची बोली बोलू लागले, तेव्हा वयस्कर विद्वान पश्चिमेकडची धरून होते. रंगमंचावर आणि पुस्तकांत तोच साचा टिकला.

मराठीत तसा साचा बखरीतल्या आणि ऐतिहासिक नाटकांतल्या भाषेचा आहे. ड्रॅगनचं ‘मी’ काढून ‘आम्ही’ करा, आणि बाकी तिघं ‘केलं, हवं’ बोलत असताना तिला ‘केले, हवे’ द्या:

‘पुडिंग कुणी खाल्लं?’
‘आम्ही. आणखी एक हवे.’

एवढं पुरतं. प्रत्येक वाक्यात ‘आम्हांस’, ‘सत्वर’ भरलं तर दुसऱ्या पानावर वाचक कंटाळतो आणि चटपटीत संवाद जड होतो. एका वाक्यात एकच खूण. तिला खरोखर ‘आपण सगळे’ म्हणायचं असेल तिथे ‘आपण’ वापरा, नाहीतर दोन अर्थांचा घोळ होईल.

दारावरची घंटा:
पंधरा संवादांसाठी दर चार-पाच ओळींनी एक कृती घाला: कोणी मिकान (जपानी संत्रं) सोलतंय, कोणी कोतात्सुची रजई ओढतंय. ‘म्हणाली’ची गरज पडत नाही.

नावापुढचं आदराचं ‘सान’ गळून नुसतं नाव कधी येतं, त्या भागांची यादी आधीच करून ठेवा. ती घटनाच असते. त्याच ओळीत ‘तुम्ही’चं ‘तू’ करा, एक ओळही आधी नको.

बाहेर पडताना म्हणायच्या ‘इत्ते किमासु’चा शब्दशः अर्थच ‘जाऊन येतो’. मराठी घरात तेच म्हणतात, त्यामुळे तळटीप नको. तरुण ‘जाऊन येतो’, एल्फ ‘जाऊन येते’, ड्रॅगन ‘आम्ही जाऊन येतो’. पोराचं मात्र ‘येईन हं लवकर’.