दगडावरचं 'ग्रा.मा.' आणि 'प्र.जि.मा.' कुठून आलं?

माणदेशी_पोर:
मंडळी, आमच्या गावचा रस्ता तीन वर्षं उखडलेला आहे. चौकशीला गेलो तर उत्तर मिळालं, "तो ग्रामीण मार्ग, आमच्याकडे येत नाही." माझे आजोबा मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे मजूर होते. त्यांच्या वहीत पानोपानी ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग), इ.जि.मा. (इतर जिल्हा मार्ग), प्र.जि.मा. (प्रमुख जिल्हा मार्ग) असं लिहिलंय, रस्त्याकडेच्या दगडांवर असतं तसंच. रस्त्यांच्या या जाती पाडल्या कोणी?

निवृत्त_शाखा_अभियंता:
त्या पडल्या नागपुरात, १९४३ साली. महायुद्ध चालू होतं, तेव्हा देशभरचे मुख्य अभियंते तिथं जमले आणि वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग (प्रमुख आणि इतर) आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथली. शेती पिकणाऱ्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असं त्यांनी धरलं होतं. त्या काळात हा विचार केला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पैशाची सोय त्याआधीची. १९२७ ला बॅ. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, तेच हे जयकर. रस्त्यांचा बोजा एकट्या प्रांतांना झेपणारा नाही, पेट्रोलवर जादा कर बसवून वेगळा निधी करा, असं समितीनं सांगितलं आणि १९२९ ला केंद्रीय रस्ते निधी आला.

आता तुझ्या रस्त्याचं. आपल्याकडे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. ग्रामीण आणि इतर जिल्हा मार्ग त्यांच्याकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. म्हणजे डांबर कोण टाकणार हे त्या दोन-तीन अक्षरांवर ठरतं.

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारा कोरडा खाऊ) मिळायची, ती पदरात बांधून आम्हाला आणायची. त्या बायांनी चार किलोमीटर माती-मुरूम टाकून रस्ता केला. पण तो आराखड्यात नव्हता. त्याला नंबर नाही, म्हणून देखभालीला पैसा नाही. दोन पावसाळ्यांत मोरीपाशी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापाशी तुटला. पुढे मी याच खात्यात लागलो, पण तो रस्ता यादीत चढायला १९८१–२००१ ची योजना यावी लागली. आई तोवर गेली होती.

घाटवाट:
काका, मग महामार्गांचे नंबर का बदलले? आमचा मुंबई–गोवा १७ होता, आता ६६ म्हणतात.

निवृत्त_शाखा_अभियंता:
२०१० मध्ये देशभर नवे क्रमांक दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. पुणे–बेंगळुरूचा ४ म्हणूनच ४८ झाला. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच आकडे आहेत.

माणदेशी_पोर:
काका, मग आमच्या रस्त्याचं काय करू?

निवृत्त_शाखा_अभियंता:
आधी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन यादीतला क्रमांक आणि लांबी बघ. लांबी कमी लागली असेल तर तुटलेला भाग कागदावर रस्ताच नाही. मग ग्रामसभेचा ठराव घेऊन दर्जोन्नतीची, म्हणजे रस्ता वरच्या वर्गात घेण्याची मागणी कर. आजोबांची वही सोबत ने. त्यात साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) आणि मोऱ्या लिहिलेल्या असतील.

माणदेशी_पोर:
आहेत. सात मोऱ्या. शेवटची आमच्या ओढ्यावरची. सोमवारी जातो.