लिफ्टचा खड्डा आणि पुनवेची भरती

सचिव: लिफ्टच्या खड्ड्यात परत वीतभर पाणी. पंप लावून काढलं. रविवारच्या सभेत विषय घेऊ.

ए-१०२: आज तर कडक ऊन होतं!

बी-३०१ काकी: काल पुनव होती. उपास होता म्हणून लक्षात.

सी-२०४: खालची संपाची टाकी गळत असेल. मिरामारचा समुद्र कुठे, आपण पणजीत सांतिनेजात कुठे!

बी-१०१ काका: आरओवाला आला होता, त्याच्या टीडीएस मीटरने पाण्यातले क्षार मोजले. संपाचं पाणी ९०, खड्ड्यातलं ४,०००च्या वर. समुद्र किती लांब ते सोड रे, आपण किती उंच ते बघ. सांतिनेजची खाडी मांडवी नदीला मिळते, भरती तिथूनच आत येते.

ए-१०२: भरतीच्या तक्त्यात मुरगावला २.२ मीटर. नकाशात आपली प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, २.१. म्हणजे बुडालोच की!

काका: थांब. दोघांचं शून्य वेगळं. तक्ता मोजतो चार्ट डेटमवरून, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीजवळून. नकाशा सरासरी समुद्रपातळीवरून. मुरगावला दोन्हींत साधारण १.३ मीटरचा फरक. म्हणजे ती भरती नकाशाच्या मापाने ०.९. प्लिंथ सुटली. पण खड्डा प्लिंथच्या दीड मीटर खाली, म्हणजे ०.६. आता कळलं पाणी कुठून?

सी-२०४: मग फक्त लिफ्टचाच प्रश्न ना?

काका: कोरड्या दिवशी. ऐन भरतीला धो धो पाऊस आला तर गटाराचं पाणी खाडीत उतरतच नाही, उलट आत फिरतं. त्यात मे २०२१च्या तौक्तेसारखं वादळ किनाऱ्याजवळून गेलं तर समुद्र तक्त्याच्याही वर चढतो. आणि विजेचे मीटर आपण ठेवलेत स्टिल्टमध्ये, खालच्या पार्किंगात, गुडघ्याएवढ्या उंचीवर.

सी-२०४: हे ग्रुपवर नको हो. माझा फ्लॅट विकायला काढलाय 🙏

काकी: इथे खाजन होतं, खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन, तेव्हा मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, सुंगटं (कोळंबी) मिळायची. भरती चढली की मानशीचं दार आपसूक मिटायचं. आता गटाराला दारच नाही.

काका: काकी, हेच! गटाराच्या तोंडाला एकतर्फी झडप हवी. झडप मिटलेली असताना पावसाचं पाणी बाहेर फेकायला पंपही लागेल. पण आधी मीटर वर घ्या.

सचिव: किती वर?

काका: रविवारी सकाळी पाण्याच्या नळीने लेव्हल काढू. प्लिंथ, मीटर, संपाचं तोंड, जनरेटर. नळी कुणाकडे आहे?

सी-२०४: बागेची हिरवी चालेल?

काका: आतलं पाणी दिसायला हवं रे. पारदर्शक आण.