मानेखाली उशी नकोच

मान आणि छाती भाजलेल्या सासूबाईंना घरी आणायचंय, त्यांच्यासाठी जुनी खुर्चीही घरीच मढवतोय, काय काळजी घ्यावी, असं इथे विचारलंय, आणि त्यांना मऊ उशी द्या, असा सल्ला एका उत्तरात आलाय. उशीने बरं वाटतं हे खरं, पण घात तिथेच होतो. बर्न्स वॉर्डात १२ वर्षं काढली म्हणून सांगते, पेशंटला जी स्थिती सुखाची वाटते त्याच स्थितीत कातडी आक्रसते आणि हनुवटी हळूहळू छातीकडे ओढली जाते. म्हणून उशी काढा. टॉवेलची गुंडाळी खांद्यांखाली ठेवा, म्हणजे मान मागे ताणलेली राहील. रडतील, चिडतील, तुम्हाला दुष्ट म्हणतील. म्हणू देत. गुंडाळी किती जाड, हे फिजिओथेरपिस्टकडून बघून घ्या.

प्रेशर गारमेंट, म्हणजे भाजल्याचे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, दिलं असेल तर दिवसातले २३ तास अंगावर हवं, अंघोळ आणि मालिशपुरतंच काढायचं. जेवणात अंडी, डाळ, पनीर भरपूर.

खुर्ची घरीच नव्याने मढवताय, तर एक ऐका. आमच्या शेजारच्या, अशाच भाजलेल्या काकूंसाठी मुलाने हौसेने जुन्या खुर्चीत नवा फोम घालून वर रेक्झिन ताणलं. पुसायला सोपं, दिसायला झकास! पण घामाने काकू खाजवून बेजार. त्यात कडेची एक स्टेपल पिन वर आलेली. नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, लगेच सोलवटली. सगळ्या कडांवरून हात फिरवून बघा, आणि वर धुतलेली सुती चादर घाला.