घरी शिवलेल्या बॅकपॅकवर लेदरचे पॅच: तयार घ्यावेत की घरी कापावेत?

शिवणवेडी
बॅकपॅक शिवायला घेतलीये. बाहेरून 1000 डेनियर कॉर्ड्युरा (जाड, चिवट नायलॉनचं कापड), आतून पातळ नायलॉनचं अस्तर. सगळं कापून झालंय पण गाडी एका ठिकाणी अडलीये. जुन्या बॅगांवर पुढे लेदरचा चौकोन असतो ना, दोन चिरा पाडलेला, डुकराच्या नाकासारखा दिसतो, त्यातून पट्टा ओवून मॅट वगैरे बांधतात, तसे चार हवेत. तयार मिळतायत ते एकतर नुसते शोभेचे नाहीतर सरळ रेक्झिन. घरात जुना कमरेचा पट्टा पडलाय, त्यातून काढू का? आणि साध्या मशीनवर टीप बसेल की हातानेच शिवायचं?

आरीवाला
पट्टा आधी कापून त्याची कड बघा. आरपार एकसारखे तंतू दिसले तर चामडं, मधे थर दिसले तर चिकटवलेला माल, तो टाक्याच्या भोकापाशी फाटणार म्हणजे फाटणारच. आणि खरा असला तरी रुंदीला कमी पडेल बहुतेक. तुमची ओवायची पट्टी 25 मिमीची असेल तर चीर 27-28 ची लागते, दोन्ही बाजूंना टाक्यासाठी निदान 10-12 मिमी सोडा, म्हणजे पॅच 50 च्या आसपास गेला. कमरेचा पट्टा साधारण 35-40 चा असतो.
वेज-टॅन (झाडाच्या सालीने वगैरे कमावलेलं, कडक लेदर) घ्या, 2.5 ते 3 मिमी जाड. जॅकेट-सोफ्याचं मऊ लेदर नको, ते ताणतं आणि चिरा तोंड वासून बसतात. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी पंचने 3 मिमीचं गोल भोक पाडा आणि मग मधलं कापा, नुसत्या ब्लेडने चीर मारली तर टोकाकडून फाटत जाते.

मशीनवाली_मावशी
मशीनचं म्हणाल तर 3 मिमी लेदर + कॉर्ड्युरा + मागचा आधार, घरच्या मशीनला जड जातं गं. दीड मिमीपर्यंत जमेल, तेही चाक हाताने फिरवत. सुई लेदरचीच, 100 किंवा 110 नंबर. टाका 4 मिमीचा ठेव, बारीक टाक्याने भोकांची रांग लागते आणि तिथूनच पॅच सुटतो. टाचण्या अजिबात नकोत, लेदरला पडलेलं भोक बुजत नाही, क्लिपा लाव. शेवटी उलटी टीप पण नको, दोरे मागे ओढून गाठ मार. दोरा पॉलिस्टरचा, सुती ओलाव्याने कुजतो.

हलकं_ओझं
लेदरचा हट्ट का पण? पट्टीचेच लूप करून दोन्ही टोकांना दाट झिगझॅग मारा, वजन कमी, ताकद जास्त, भिजलं तरी काळजी नाही. लेदर भिजून वाळलं की कडक होतं, तेल-मेण लावत बसा.

शिवणवेडी
@हलकं_ओझं पटतंय हो, पण मला ते दिसायलाच आवडतं 😄 चार पॅचना तेल लावेन की कधीतरी. हातानेच शिवते मग. फक्त एक सांगा, कडेने चारही बाजू शिवायच्या ना? मधे पण एक फुली मारू का, मजबुतीला?

आरीवाला
फुली नको!! पट्टा एका चिरेतून आत जाऊन लेदरच्या मागून सरकत दुसरीतून बाहेर येतो, मधे टाका आला तर तो जाणार कुठून? फक्त कडेने, काठापासून 3-4 मिमी आत. भोकं आरीने (चांभाराच्या टोच्याने) आधी पाडून घ्या, मग एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी ओवायचं. एखादा टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. कापडाच्या मागे कॉर्ड्युराचाच पॅचपेक्षा मोठा तुकडा लावा, नाहीतर लेदर टिकेल आणि कापड फाटेल.

मशीनवाली_मावशी
आणि हे सगळं अस्तर लावायच्या आधी बरं का, पुढचा भाग टेबलावर सपाट पडलेला असतानाच. बॅग जोडून झाल्यावर आत हात घालून चार पॅच शिवायचे म्हणजे शिक्षा आहे.