खोड-पान मांडणी: मध्य २३६, मध्यकही २३६, तरी कुठेतरी चुकतंय

लाल_माती विचारतात:

नववीच्या प्रकल्पासाठी देवगड तालुक्यातल्या एका बागेतली २५ हापूस फळं घेतली आणि डिजिटल काट्यावर एकेक ग्रॅमपर्यंत वजन केली. वहीत ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने देतो:

२३४, २१८, २२७, ३१२, २४०, २२३, १९८, २३६, २५१, २१५, २२७, २३८, २०६, २६३, २३१, २२०, २४५, १९४, २३९, २२४, ३१५, २१२, २३४, २५६, २४२

मुलांनी यावरून खोड-पान मांडणी (शेवटचा अंक पान, आधीचे अंक खोड) केली ती अशी:

१९ | ८ ४
२० | ६
२१ | ८ ५ २
२२ | ७ ३ ७ ० ४
२३ | ४ ६ ८ १ ९ ४
२४ | ० ५ २
२५ | १ ६
२६ | ३
३१ | २ ५

बेरीज ५९००, म्हणून मध्य (सरासरी) २३६. मध्यक म्हणजे चढत्या क्रमातलं मधलं वजन, त्यासाठी मांडणीत तेरावं पान मोजलं, तोही २३६. मध्य आणि मध्यक एक, आकारही मधे फुगलेला आणि दोन्हीकडे निमुळता, तेव्हा मुलांनी "वितरण सममित" असा निष्कर्ष लिहिला. पण तीच फळं बाकावर लहान-मोठी लावली की शेवटची दोन सरळ सरळ वेगळी दिसतात. मग सममित कसं?

दुसऱ्या बागेतली १५ फळंही आहेत: २४७, २३३, २५८, २६१, २१९, २५२, २४४, २७०, २३८, २५०, २२६, २४१, २६४, २५५, २४९. २५ आणि १५ यांची तुलना एकाच मांडणीत करता येईल का? पुढे जुलैच्या रोजच्या पावसाचीही अशीच मांडणी करायचा विचार आहे.

---

सांख्यिकी_कुडाळ:

मुलांची बेरीज बरोबर आहे, पानांची संख्याही २५ भरते. चुका दोन आहेत आणि गंमत म्हणजे दोन्ही एकमेकींना सांभाळून घेतायत.

पहिली, पानं क्रमाने लावलेली नाहीत. वहीतून उतरवताना पानं येतील तशी पडणार, ते कच्चं काम. त्यानंतर प्रत्येक ओळ चढत्या क्रमाने पुन्हा लिहावी लागते, आणि मध्यक फक्त त्या पक्क्या मांडणीत मोजायचा. २३ ची ओळ बघा: ४ ६ ८ १ ९ ४. वरच्या ओळींत ११ पानं संपली, म्हणजे तेरावं पान या ओळीतलं दुसरं. कच्च्या ओळीत ते ६ आहे, म्हणून २३६ आला. ओळ लावली की १ ४ ४ ६ ८ ९ होते आणि दुसरं पान ४. खरा मध्यक २३४. मध्याशी जुळलेला २३६ हा निव्वळ योगायोग होता.

दुसरी चूक जास्त महागाची. २६ नंतर एकदम ३१. मधली २७, २८, २९, ३० ही खोडं रिकामी म्हणून गाळलीत. खोड म्हणजे मोजपट्टी, पट्टीवरचे आकडे मधेच खोडले तर अंतर दिसणार कुठून? पक्की मांडणी अशी:

२ | १९ | ४ ८
३ | २० | ६
६ | २१ | २ ५ ८
११ | २२ | ० ३ ४ ७ ७
(६) | २३ | १ ४ ४ ६ ८ ९
८ | २४ | ० २ ५
५ | २५ | १ ६
३ | २६ | ३
२ | २७ |
२ | २८ |
२ | २९ |
२ | ३० |
२ | ३१ | २ ५
सूची: २३ | ४ म्हणजे २३४ ग्रॅम

आता बाकावर दिसतं तेच कागदावर दिसतंय. १९४ ते २६३ असा एक सलग गठ्ठा, मग चार ओळींची पोकळी, मग दोन फळं. मध्य मध्यकापेक्षा २ ग्रॅमने वर आहे तो त्या दोघांमुळेच. ती बाजूला ठेवून बघा: उरलेल्या २३ चा मध्य साधारण २२९.३ आणि मध्यक २३१. मध्य जवळजवळ ७ ग्रॅम घसरला, मध्यक ३.

डावीकडचा जादा स्तंभ म्हणजे टोकाकडून मोजलेली पानांच्या संख्येची बेरीज, वरून खाली आणि खालून वर. ज्या ओळीत मध्यक असतो तिथे कंसात फक्त त्या ओळीची पानं. ताळा असा: ११ + ६ + ८ = २५. हा स्तंभ घातला की तेरावं पान शोधताना बोट चुकत नाही.

आणि सूची लिहाच. २३ | ४ म्हणजे २३४ की २३.४ हे मांडणी स्वतःहून सांगत नाही.

---

अढीवाला:

मास्तरांनू, त्या दोन फळांचो हिशोब आधी लावा.

३१२ आणि ३१५ वेगळी पडली म्हणून लगेच खोडू नका. मांडणीत नोंदींचा क्रम हरवतो, म्हणून वहीकडे परत जायचं: ही चौथी आणि एकविसावी नोंद आहे. काट्यावर टोपली किंवा भांडं शून्य न करता राहिलं असतं तर लागोपाठची सगळी वजनं फुगली असती. इथे ३१२ च्या शेजारी २२७ आणि २४०, ३१५ च्या शेजारी २२४ आणि २१२. काटा ठीक दिसतो. मग फळं बघा: दुसऱ्या कलमाची मिसळलीत का, की मुळात मोजकीच फळं लागलेल्या फांदीवरची आहेत.

पानांचे आकडे मात्र छान आहेत, ० ते ९ सगळे आलेत. स्प्रिंगच्या काट्यावर वजन केलं असतं तर पानांत नुसते ० आणि ५ दिसले असते. तसं दिसलं की समजायचं, माणूस अंदाजाने जवळच्या खुणेवर नेतोय, आणि मग एकेक ग्रॅमच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

प्रतवारीसाठी ही मांडणी मला आयतालेखापेक्षा बरी वाटते. समजा २२५ ग्रॅम आणि त्यावरची फळं वेगळी काढायचीत. २०० ते २५० असा गट केला असेल तर २२५ च्या वर किती, ते कळत नाही. इथे २२ च्या ओळीतली ७ ७ आणि खालचं सगळं मोजलं की झालं: २५ पैकी १६. सीमा उद्या २३० केली तरी पुन्हा वजन करायला नको.

अजून एक. "नेहमीचं फळ केवढं" असं विचारलं तर मध्यक सांगा, २३४. पाच डझनी पेटीतल्या आंब्यांचं वजन किती भरेल असं विचारलं तर मध्यच लागतो: ६० × २३६ = १४ किलो १६० ग्रॅम. पेटीत मोठी फळंही जाणारच, त्यांचं वजन कुठे जातंय?

---

सांख्यिकी_कुडाळ:

दुसऱ्या बागेच्या तुलनेसाठी खोड मधे ठेवा आणि पानं दोन्हीकडे लावा, पाठीला पाठ:

८ ४ | १९ |
६ | २० |
८ ५ २ | २१ | ९
७ ७ ४ ३ ० | २२ | ६
९ ८ ६ ४ ४ १ | २३ | ३ ८
५ २ ० | २४ | १ ४ ७ ९
६ १ | २५ | ० २ ५ ८
३ | २६ | १ ४
| २७ | ०
| २८ |
| २९ |
| ३० |
५ २ | ३१ |

डावी बाजू पहिली बाग. तिची पानं खोडापासून बाहेर वाढत जातात, म्हणजे डावीकडून वाचली तर उलटी. मुलं हमखास इथे चुकतात. कागदावर करताना डावी पानं खोडाला चिकटवून उजव्या कडेला सरळ रेषेत आणा, इथे फोरमवर ते जमत नाही.

ओळींची लांबी थेट ताडून बघू नका, कारण एकीकडे २५ आणि दुसरीकडे १५. प्रमाण काढा. २४० किंवा जास्त: पहिल्या बागेत २५ पैकी ८, म्हणजे ३२ टक्के, दुसऱ्या बागेत १५ पैकी ११, म्हणजे सुमारे ७३ टक्के. मध्यक २३४ आणि २४९. विस्तार (सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान) १२१ आणि ५१, पण पहिल्या बागेचा विस्तार त्या दोन फळांनीच ताणलाय, म्हणून त्यावरून "पहिली बाग जास्त विखुरलेली" असं लिहू नये.

---

लाल_माती:

रिकामी खोडं गाळायची सूचना मीच केली होती, "जागा वाचेल" म्हणून. दुरुस्त करतो. चतुर्थक (क्रमाने लावलेल्या वजनांचे चार सारखे भाग पाडणारे आकडे) काढताना एक अडलं: हाताने पहिला चतुर्थक २१९ येतो, एक्सेल २२० दाखवतं. कोण चुकलं?

---

सांख्यिकी_कुडाळ:

कोणीच नाही. मध्यक वगळून खालच्या १२ मूल्यांचा मध्यक घेतला तर २१८ आणि २२० च्या मधला २१९. वरच्या अर्ध्यात २४२ आणि २४५ च्या मधला २४३.५. मध्यक दोन्ही अर्ध्यांत धरला तर २२० आणि २४२. ही मांडणी १९७० च्या दशकात रूढ करणारे जॉन टुकी मध्यक दोन्हीकडे धरत. एक्सेलच्या दोन सूत्रांपैकी 'इन्क' वालं तुमच्या २५ फळांसाठी २२० देतं आणि 'एक्सक' वालं २१९. २५ आकड्यांत एवढा फरक पडायचाच. एक पद्धत धरा आणि अहवालात ती लिहा. टोकाच्या मूल्यांबाबत निकाल बदलत नाही: वरची मर्यादा म्हणजे वरचा चतुर्थक अधिक दोन चतुर्थकांतल्या अंतराची दीडपट, २४३.५ + १.५ × २४.५ = २८०.२५ किंवा २४२ + १.५ × २२ = २७५, दोन्हीत ३१२ आणि ३१५ बाहेरच.

संगणकावर करत असाल तर आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेतल्या स्टेम फंक्शनकडे लक्ष असू द्या. ते कधी कधी दोन खोडं न सांगता एका ओळीत घालतं, २२ नंतर थेट २४ छापतं. ओळखायचं कसं, तर एकाच ओळीत पानं ० ३ ४ ७ ७ अशी चढून पुन्हा १ वर येतात. स्केल २ दिलं की ओळी सुट्या होतात.

---

पागोळी:

पावसाचं सांगतो, तिथे ही मांडणी जशीच्या तशी चालत नाही.

हवामान खात्याची रोजची नोंद सकाळी ८.३० ला संपणाऱ्या २४ तासांची असते, म्हणून "१ जुलै" म्हणजे कोणता पाऊस ते आधी ठरवा. मग खोडाचं. कोकणात जुलैत एक दिवस ४ मिमी आणि दुसऱ्या दिवशी २०० च्या वर, हे सहज होतं. दहाचं खोड घेतलं तर वीसहून जास्त ओळी आणि निम्म्या रिकाम्या. ओळी किती असाव्यात याचा ढोबळ नियम: नोंदींच्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉग काढून त्याला १० ने गुणा, अपूर्णांक सोडून द्या. २५ फळांना १३ (तुमच्या बरोबर १३ झाल्यात), ३१ दिवसांना १४.

म्हणून खोड शतकाचं, पान दशकाचं, आणि एकेक खोड पाच ओळींत फोडायचं: ० ते १, २ ते ३, ४ ते ५, ६ ते ७, ८ ते ९. फोडणी दोन ओळींत किंवा पाच ओळींत, तिसरा पर्याय नाही. दहा पानं तीन ओळींत सारखी वाटली जात नाहीत, आणि मग एखादी ओळ नुसत्या वाटपामुळे लांब दिसते.

एककाचा आकडा छाटा, जवळच्या दशकावर नेऊ नका. १४७.६ चं खोड १, पान ४. जवळच्या दशकावर नेलं तर १९८ चं खोडच बदलून २ होतं, आणि वहीत उलट शोधायला गेलात तर सापडत नाही.

छाटल्याची किंमत मात्र मोजावी लागते. हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच "पावसाचा दिवस" धरतं. तुमच्या मांडणीत कोरडा दिवस, २ मिमीचा दिवस आणि ९ मिमीचा दिवस तिन्ही ० | ०. मुसळधारेची खालची मर्यादा ६४.५ मिमी आहे, ती ० | ६ या पानाच्या पोटात येते, म्हणून मुसळधार दिवस मांडणीवरून मोजता येणार नाहीत. ११५.६ आणि २०४.५ या पुढच्या पायऱ्यांचंही तेच. हे आकडे वहीतून वेगळे मोजून शेजारी लिहा.

आणि फळ्यावर लिहिण्याआधी चौकटीच्या वहीत करा, एका चौकटीत एकच पान. मोबाईलवर टाइप केलं तर १ ची रुंदी आणि ८ ची रुंदी सारखी असेलच असं नाही. आठ पानांची ओळ सात पानांच्या ओळीपेक्षा आखूड दिसली की मुलांचा आकारावरचा विश्वास उडतो.