नागपूरच्या महाल भागात 1989 ची बिल्डिंग, तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट घ्यावा का?

संत्रावाला_आर्वी

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातल्या खेड्यातला, कपाशी, तूर अन् थोडी संत्र्याची बाग हाय. पोरगी नागपुरात शिकून राहिली, धाकटा बारावी झाली की तिकडंच जाणार, दोघांचं खोलीभाडं अन् मेसचा खर्च पाहून बायको म्हणते की जुना का होईना पण आपला फ्लॅट घेऊन टाका. महालात बडकस चौकाच्या आतल्या गल्लीत एक सापडला. 620 चौरस फूट, 24 लाख म्हणतात, तळमजल्यावर पार्किंग अन् वर तीन मजले, लिफ्ट नाही, आपला सगळ्यात वरचा. गच्चीवर एक खोली बांधलेली हाय, डीलर म्हणते तेही तुमचीच, तिच्यासकट भाव हाय. घरमालक वारले, आता त्यांचा मोठा मुलगा विकून राहिला.

मले अडचण अशी हाय की वावर घ्यायचं असतं तर मी सातबारा पाहिला असता, फेरफार काढला असता, धुऱ्यावर उभं राहून शेजाऱ्याले विचारलं असतं. इथं पाहू तर काय पाहू? डीलर नुसती जुनी रजिस्ट्री अन् टॅक्सची पावती दाखवते, अन् पंधरा दिवसात इसारचिठ्ठी करा म्हणून मागं लागला. बेसा, मनीषनगरकडं नवीन स्कीम पाहिल्या पण पोरांले तिथून लांब पडते अन् भावही आपल्या आवाक्यातला नाही. कोणी असा जुना फ्लॅट घेतला असन तर सांगा.

गांधीगेट_ताई

दादा, आमचं सासर महालातच आहे, म्हणून सांगते. राहायला जागा छान आहे, पोरांना सगळं पायी मिळतं, दवाखाना, भाजी, पुस्तकं, आणि सेंट्रल एव्हेन्यूवर गेलं की मेट्रो. मुलगी रात्री उशिरा आली तरी गल्लीत माणसं जागी असतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, नवीन लेआउटमध्ये आठ वाजता रस्ता सुनसान होतो. पण गल्लीत गाडी ठेवायला जागा नाही हे धरूनच चला, आणि गणपतीच्या आधी चितार ओळीत किंवा मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी गाडी बाहेर काढायची सोयच नाही.

सगळ्यात आधी रस्ता बघा. केळीबाग रोड रुंद करताना किती जणांची दुकानं आणि घरं कापली गेली ते तिथं जाऊन कोणालाही विचारा, जुन्या भंडारा रोडचं तर वर्षानुवर्षं चाललं. तुमची गल्ली आतली आहे म्हणता, तरी मनपाच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याप्रमाणे तिथं रस्त्याची रेषा जाते का ते लेखी घ्या. डीलरच्या तोंडी शब्दावर राहू नका. आणि बिल्डिंग नाग नदीच्या बाजूला असेल तर 23 सप्टेंबर 2023 ला पाणी कुठवर आलं होतं ते खालच्या दुकानदाराला विचारा. तुमचा फ्लॅट वर आहे, पण मोटर आणि मीटर तर खालीच असतात ना.

साईटवरचा_यवतमाळकर

भाऊ, मी स्ट्रक्चरल रिपेअरच्या कामावर असतो, तर बिल्डिंगचं मी सांगतो. फ्लॅटमधला नवीन रंग अन् टाइल्स पाहून खुश होऊ नका, आधी पार्किंगमध्ये जा अन् कॉलम पहा. सळईला गंज चढला की ती फुगते अन् वरचं काँक्रीट ढकलते, मग सळईच्या रेषेत उभी भेग पडते, काही ठिकाणी पापुद्रा सुटून तांबडी सळई दिसते. बोटांनी टकटक करा, पोकळ आवाज आला तर समजा आतून सुटलंय. नुकतंच कोणी कॉलमला सिमेंट फासून रंग मारला असेल तर तिथंच जास्त पहा.

दुसरं म्हणजे आपल्याकडचे कूलर. पस्तीस वर्षं खिडकीच्या छज्ज्यावर कूलर ठेवला, दर उन्हाळ्यात पाणी गळलं, ते छज्ज्यात मुरलं, त्यामुळं छज्ज्याखाली पांढरे क्षार अन् तुटलेले कोपरे दिसतात. गल्लीतून मान वर करून पाहिलं तरी समजते. तुमचा वरचा मजला असल्यानं गच्चीचा कोबा तडकलेला हाय का, टाकीखाली ओल हाय का ते पावसाळ्यात एकदा नक्की पाहून घ्या, उन्हाळ्यात सगळंच कोरडं दिसते. मागच्या डक्टमध्ये पण डोकावा, तिथं जुने संडासचे पाइप फुटून भिंत सडलेली असते अन् तिकडं कोणीच जात नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल तर बिल्डिंग कुठंतरी बसलीय असा संशय घ्यायचा, काळ्या मातीचं फुगणं-आटणं तुम्हाला मी काय सांगू.

30 वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्यानं मालकांवर हाय. ऑडिट झालं का विचारा. झालं नसेल तर स्वतःच्या खर्चानं एक इंजिनिअर नेऊन हॅमर टेस्ट, म्हणजे काँक्रीटची मजबुती पाहायची चाचणी तरी करा, 24 लाखापुढं तो खर्च काहीच नाही.

फेरफार_काका

तुम्ही सातबाऱ्याचं म्हटलं ते अगदी बरोबर धरलं, शहरात त्याच जागी आखीव पत्रिका असते. नगर भूमापन कार्यालयातून काढा. त्यात जमीन कोणाच्या नावावर, मालकीची की नझूलची म्हणजे सरकारी, लीज असेल तर कधीपर्यंतची, सगळं येतं. नझूल निघाली तर लीजचं नूतनीकरण झालं का आणि विक्रीला परवानगी लागते का ते कलेक्टर ऑफिसच्या नझूल शाखेत विचारूनच पुढं जा.

जुन्या फ्लॅटमध्ये भिंतीचं मोल दरवर्षी कमी होतं, जमिनीचं नाही. उद्या बिल्डिंग पाडायची वेळ आली तर तुमच्या हाती राहील तो जमिनीतला अविभक्त हिस्सा. आपल्या नागपुरात बऱ्याच इमारती सोसायटीच्या नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, त्यांचं डिक्लरेशन रजिस्टर केलेलं असतं आणि त्यात कोणत्या फ्लॅटला किती टक्के हिस्सा ते लिहिलेलं असतं. त्याची नक्कल मागा आणि विक्रेत्याच्या रजिस्ट्रीतला हिस्सा त्याच्याशी जुळवा. डिक्लरेशनच नसेल तर मी तरी हात लावणार नाही.

घरमालक वारले म्हणता, मग एकटा मोठा मुलगा कसा विकतो? बायको, बहिणी, भाऊ सगळ्यांच्या सह्या हव्यात नाहीतर रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र हवं. गावात बहिणीची सही राहिली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. मागच्या 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, वकिलाकडून घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या, आणि मूळ रजिस्ट्री हातात घेऊन पहा, ती बँकेत गहाण असेल तर नुसती झेरॉक्सच दाखवतात. रेरा हा घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा 2016 चा कायदा आहे, 1989 च्या बिल्डिंगला त्याचा आधार नाही, तुमचं रक्षण ही कागदंच करतील.

फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. पंधरा दिवसांची घाई डीलरची आहे, तुमची नाही.

संत्रावाला_आर्वी

लय आभार सगळ्यायचे. आखीव पत्रिका काढली, जमीन मालकीची हाय, नझूल नाही. डिक्लरेशन पण सापडलं, 12 फ्लॅट हायेत, आपल्याचा हिस्सा रजिस्ट्रीशी जुळते. पण गच्चीवरची खोली कुठंच नाही, ना डिक्लरेशनमध्ये ना मंजूर नकाशात. विचारलं तर डीलर म्हणते सगळे असंच करतात. अन् दोन बहिणी हायेत, एक अमरावतीले, एक पुण्याले, दोघी सही देतो म्हणाल्या.

फेरफार_काका

मग खोलीचे पैसे देऊ नका. गच्ची सगळ्या बारा जणांची सामाईक आहे, ती विकायचा हक्क त्या मुलाला नाहीच. भाव फक्त 620 फुटांचा ठरवा आणि बहिणींना रजिस्ट्रीच्या दिवशी स्वतः हजर ठेवा, पुण्याच्या ताईंना येणं जमत नसेल तर मुखत्यारपत्र रजिस्टर केलेलं पाहिजे, साध्या स्टॅम्प पेपरवरचं चालवू नका. इसारचिठ्ठीतही त्या दोघींची नावं आधीच टाका.

साईटवरचा_यवतमाळकर

अन् भाऊ ती खोली तुमच्याच स्लॅबवर उभी हाय, नकाशात नव्हती म्हणजे तिचा भार डिझाइनमध्ये धरलेला नसणार. इंजिनिअरला खास तिच्याखालचे बीम तपासायला सांगा, फॉल्स सीलिंग असेल तर एक पत्रा काढून आतून पहायला लावा.