कृत्रिम खुब्याच्या सांध्याची झीज: घर्षणाची बदलती दिशा प्रारूपात कशी धरावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. धातूचा गोल आणि पॉलिथिलीनची वाटी असलेल्या कृत्रिम खुब्याच्या सांध्याची झीज मी फायनाइट एलिमेंट पद्धतीने (वस्तूचे लहान लहान भाग कल्पून संगणकावर गणित करून) काढत आहे. भार आणि हालचाली आयएसओ १४२४२-१ या खुब्याच्या सांध्याच्या झीज-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या आहेत (कमाल भार ३००० न्यूटन). आर्चर्डच्या १९५३ च्या नियमाप्रमाणे दाब, घसरण्याचे अंतर आणि झीज-गुणांक (पदार्थ किती सहज झिजतो हे सांगणारा, चाचणीतून मिळणारा आकडा) यांचा गुणाकार केला की त्या बिंदूवरील झिजेची खोली मिळते. इथवर सारे सुरळीत आहे.

अडचण गुणांकाची आहे. पॉलिथिलीन एकाच दिशेने घासले गेले तर त्याच्या रेणुसाखळ्या त्या दिशेने लागतात आणि झीज फारच कमी होते. पण चालताना घर्षणाची दिशा सतत बदलते आणि आडवा ताण त्या साखळ्यांना एकमेकींपासून विलग करतो, म्हणून सरळ रेषेतल्या पिन-चाचणीचा (पदार्थाची छोटी पिन सपाट पृष्ठावर घासून झीज मोजण्याच्या चाचणीचा) गुणांक इथे वापरणे मला मुळातच पटत नाही. मग साखळ्यांची मुख्य दिशा संपूर्ण वाटीसाठी एकच मानावी, की घर्षणाचे कार्य जिच्या दिशेने सर्वाधिक होते ती प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे काढावी? शिवाय झिजेनुसार बदलणारी वाटीची भूमिती चालण्याच्या किती चक्रांनंतर अद्ययावत करावी, आणि सुरुवातीच्या चक्रांतले, पदार्थ न झिजताच केवळ भाराखाली होणारे कायमचे दबणे झिजेपासून वेगळे कसे काढावे? असे गणित सिम्युलेटरच्या (सांध्याला चालण्यासारखा भार आणि हालचाल देऊन झीज मोजणाऱ्या यंत्राच्या) निकालांशी ताडून पाहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.